‘करून राहिलो’ची कैफियत

वऱ्हाडातला माणूस पुण्या-मुंबईला गेला की पहिल्या आठ दिवसांत कुणीतरी त्याला विचारतंच, ‘तुम्ही नागपूरकडचे का हो?’ तो असतो दर्यापूरचा, नाहीतर मूर्तिजापूरचा. नागपूरला तो फार तर एखाद्या नातेवाइकाला घेऊन ‘मेडिकल’च्या दवाखान्यात गेलेला असतो. त्यानं ‘मी येऊन राहिलो’ एवढंच म्हटलेलं असतं, आणि समोरच्याला हसू आलेलं असतं. त्या हसण्यात कौतुक नसतंच असं नाही. पण महिना-दोन महिन्यांत तो ‘मी येतोय’ म्हणायला लागतो, आणि सुटीत घरी आला की बसस्टँडवरचे दोस्त त्याला विचारतात, ‘काऊन बे, लय शहाना झाला का?’ दोन्हीकडून मार.

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या पोरापोरींच्या तोंडचे शब्द, हाका, शेरे आणि टोमणे या संग्रहात गोळा केले आहेत. कॉलेजची फाटकं, कापसाचे बाजार, एसटी स्टँड, अभ्यासिका, लग्नाच्या पंगती अशा ठिकाणी ते कानावर पडले आणि वहीत उतरले. गोळा करणाऱ्यांना जागोजागी एकच सवाल झाला: हे छापायचं कशाला, हे तर चुकीचं आहे. विचारणाऱ्यांत शिक्षक होते, पालक होते, आणि गंमत म्हणजे ज्यांच्या तोंडून ते शब्द टिपले ती पोरंही होती. संग्रह पुढे आहेच, तो ज्याचा त्यानं वाचावा. प्रस्तावनेपुरतं मला या सवालाकडेच बघायचं आहे. एखादा शब्द कानाला खटकतो, डोक्यात जातो, तेव्हा तो चुकीचा असतो का?

चौथीतल्या एखाद्या मुलाची वही डोळ्यांसमोर आणा. निबंध नेहमीचाच, ‘माझी आई’. त्यानं लिहिलंय, ‘आईने मले डबा देला आनी मी शायेत गेलो.’ लाल पेनानं ‘मले’भोवती गोल, ‘देला’भोवती गोल, ‘आनी’तल्या न-चा ण केलेला, ‘शायेत’वर आडवी काट. ओळ अशी रक्तबंबाळ झालेली. आणि मधल्या सुटीत हेच गुरुजी व्हरांड्यात उभे राहून फोनवर घरी सांगतात, ‘मले उशीर होईन, तू जेवून घेजो.’ गुरुजी ढोंगी आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. ते दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं बोलतात, आणि दोन्ही तऱ्हा त्यांना उत्तम येतात. पोराला मात्र त्यातली एकच येते, आणि तिच्यावर काट बसली आहे.

आता त्याच ओळीत पोरानं ‘आईने मले डबा देली’ असं लिहिलं असतं तर? मग लाल पेनाची गरजच नव्हती. त्याच्या आजीनं, जी कधी शाळेची पायरी चढली नाही, तिनंच टोकलं असतं: ‘देली काय रे, देला मन.’ ही खरी चूक. बोलणाऱ्यांच्या स्वतःच्या भाषेत जे बसत नाही, जे ऐकून त्यांचेच लोक थबकतात, ते चुकीचं. ‘मले’ ऐकून अकोट तालुक्यात कुणी थबकत नाही. ते ‘मला’ म्हणायला जाऊन फसलेलं रूप नव्हेच. ‘मले, तुले, त्याले, आमाले’ अशी ती सरळ चालत जाणारी विभक्ती आहे, आणि खानदेशात अहिराणी बोलणाऱ्यांकडेही ती आहे.

‘ळ’चंही तेच. वऱ्हाडात बहुतेक भागात काळा तो ‘काया’, डोळा तो ‘डोया’, आभाळ ते ‘आभाय’, फळ ते ‘फय’. पुण्याच्या कानाला हे बोबडं लागतं. पण बोबडं मूल कुठेही घसरतं, इथे तसं होत नाही. ‘लाल’चा ‘याय’ कुणी करत नाही, ‘बैल’चा ‘बैय’ होत नाही. ल जागच्या जागी राहतो, ळ तेवढा हलतो. प्रमाण हिंदीत ‘काला’ म्हणतात, तिथे ळ नाहीच. त्याला कुणी हिंदीची चूक म्हणत नाही. नियम आहे तिथे चूक कशी?

उलट खरी चूक जन्मते ती लाजेतून. ज्याला सारखं सांगितलंय की तुझा न चुकतो, तो पोरगा मुलाखतीला जातो आणि घाबरून दिसेल तिथे ण पेरतो. ‘मन’चं ‘मण’ होतं, ‘नवीन’चं ‘नवीण’. हे रूप ना वऱ्हाडीत आहे ना पुस्तकात. ‘पानी’ म्हणणारा त्याचा बाप चुकत नव्हता; सुधारायला निघालेला पोरगा चुकतो. भाषाशिक्षणावर बोलणाऱ्यांनी ही गोष्ट जरा मनावर घ्यायला हवी होती, ती घेतली गेलेली दिसत नाही.

‘करून राहिलो’वर सगळ्यांचा विशेष राग. खेड्यात ते ‘करू राह्यलो’ असंही ऐकू येतं. हे हिंदीच्या ‘कर रहा हूँ’वरून आलं, असं म्हणून त्याला बाहेर काढायचा प्रयत्न होतो. हिंदीचा वारा लागला असेल, त्यात नवल काय? वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाचं होतं, मग इंग्रजांच्या ताब्यात गेलं, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं, आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत त्याचा संसार हिंदी मुलखाबरोबर एका घरात चालला. शेजारणीकडून वाटीभर साखर आली तर ती घरात गोडच लागते. शिवाय ‘राहणे’सारखं क्रियापद दुसऱ्या क्रियापदाला जोडायची रीत काही हिंदीची मिरास नाही. पुण्यातही लोक बोलत राहतात, करून बसतात, देऊन टाकतात. आणि ‘मी करतोय’ म्हणजे तरी काय? ‘करतो आहे’ची घाईत घडी घातलेली. ती घडी पुण्यात पडली, म्हणून कथा-कादंबऱ्यांत, जाहिरातीत, बातम्यांत गेली. ‘करून राहिलो’ अमरावतीत घडलं, म्हणून ते विनोदी मालिकेत गेलं.

वऱ्हाडीत ‘करत राहिलो’ आणि ‘करून राहिलो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात घ्या. पहिलं म्हणजे थांबलो नाही, करतच गेलो. दुसरं म्हणजे आत्ता हातात तेच काम आहे. नकार तर फारच देखणा: ‘फोन लागून नाही राहिला’, ‘काही समजून नाही राहिलं’. प्रयत्न चालू आहे पण यश येत नाही, हा सगळा भाव त्या मधल्या ‘नाही’त येऊन बसतो. ‘फोन लागत नाही’ हे त्यापुढे मला थोडं कोरडं वाटतं. पण हा माझ्या कानाचा पक्षपात, त्याला नियम म्हणू नये.

ज्या मुलखाला आज अशुद्ध म्हणतात, त्याच्याच पोटात मराठी गद्याची जुनी गादी आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं ठाणं. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू तिथले. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते तिथेच, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. केशोबासांसारखा संस्कृतात सहज लिहू शकणारा पंडित तेव्हा पंथात होता. पण पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांनी मराठीचाच आग्रह धरला, का तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायकांना संस्कृत कळणार नाही. त्या काळात विद्वानांच्या लेखी मराठी हीच बाजारातली बोली होती, आणि तिच्यात धर्म सांगणं हाच औचित्यभंग होता. त्या जुन्या गद्यात माणसं एकमेकांना ‘गा’ म्हणून हाक मारतात. आजही विदर्भातल्या खेड्यात ‘काय गा’ ऐकू येतं, आणि ते ऐकून शहरातला नातू कावराबावरा होतो. ‘म्या केलं’मधला ‘म्या’ही जुन्या मराठीत राजरोस नांदत होता. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा जुनेपणाचा पुरावा म्हणून जे ग्रंथ पुढे ठेवले गेले त्यांत लीळाचरित्राचं नाव ठळक होतं. मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपूरलाच झालं आहे. तिथल्या आवारात उद्या कुणी ‘काय गा’ म्हटलं तर त्याला कोण सुधारणार?

आणखी मागे गेलं तर या भांडणाचा मूळ दस्तऐवज संस्कृतातच सापडतो. व्याकरणकार पतंजलीनं महाभाष्याच्या सुरुवातीला सांगून ठेवलंय की एका शुद्ध शब्दाचे अपभ्रंश अनेक. ‘गौः’ हा शब्द आणि गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे त्याचे बिघाड. (आपली ‘गाय’ही त्याच यादीतली म्हणायची. आणि ‘गोणी’त आपण आता सरकी भरतो.) पण त्याच पतंजलीनं काही ऋषींचीही गोष्ट सांगितली आहे. हे ऋषी मोठे ज्ञानी, पण बोलताना ‘यद् वा नः, तद् वा नः’ याऐवजी ‘यर्वाणः, तर्वाणः’ असं झरझर म्हणायचे. लोकांनी त्यांना तेच नाव ठेवलं. मात्र यज्ञात उभे राहिले की उच्चार चोख. असुरांनी यज्ञातही तसंच म्हटलं म्हणून ते हरले. म्हणजे व्याकरणाचा इतका कडक पहारेकरी, पण ओसरीवरच्या बोलण्याला त्याची हरकत नव्हती. हरकत होती ती जागा ओळखता न येण्याला.

आपल्याकडे नेमकी ही जागेची गोष्ट गाळली गेली. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 मध्ये आले, 1972 मध्ये त्यांत चारांची भर पडून ते 18 झाले. लोक त्यांना ‘शुद्धलेखनाचे नियम’ म्हणतात, आणि मग त्यातलं ‘लेखन’ विसरून जीभच शुद्ध करायला निघतात. ते नियम ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सामान्यरूप कसं लिहायचं ते सांगतात. घरी आईशी कसं बोलावं यावर त्यांत अक्षर नाही. उलट बोलण्यासारखं ‘केलं, झालं’ लिहायचं तर शेवटी अनुस्वार द्यावा, अशी सोयही त्यांत आहे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात खंडाखंडानं निघाला. त्यात वऱ्हाडी, नागपुरी, कोंकणी शब्दांपुढे प्रांताची खूण आहे, चुकीची फुली नाही. त्याच्याही आधी, 1905 मध्ये, ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीचा खंड निघाला. बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेऊन त्यानं त्यांचे नमुने छापले, त्यांत वऱ्हाडीही आहे. कोशकारांनी आणि पाहणीवाल्यांनी जे समजूतदारपणे केलं, ते वर्गात आणि दिवाणखान्यात मात्र उतरलं नाही.

गाडगेबाबांची आठवण इथे टाळता येत नाही. शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म 1876. शाळा नाही, पाटी नाही. हातात खराटा, आणि तोंडात अस्सल वऱ्हाडी. कीर्तनाला हजारोंचा समुदाय; बाबा सवाल टाकायचे आणि समुदाय एका आवाजात जबाब द्यायचा. दारू, कर्ज, नवसाचं बोकड, पोरांची शाळा, सगळे विषय त्याच भाषेत. मुंबईत, पंढरपुरात, नाशिकला, कुठेही त्यांनी ती भाषा बदलली नाही, आणि कुणाला समजलं नाही असंही झालं नाही. 1956 मध्ये ते गेले. अमरावतीचं विद्यापीठ 1983 मध्ये सुरू झालं, पुढे त्याला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. आज त्या विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत बाबांच्या भाषेतलं एक वाक्य कुणी लिहिलं तर गुण जातील. परीक्षेला एक ठरलेली लेखनभाषा लागते, ते मला मान्य आहे. गुण जावेत की नाही यावर मी भांडणार नाही. पण गुण कापताना ‘हे इथं चालत नाही’ म्हणणं वेगळं आणि ‘तुले मराठी येत नाही’ म्हणणं वेगळं.

लेखकांनी काय केलं? विदर्भ साहित्य संघ 1923 मध्ये अमरावतीतच स्थापन झाला. सुरेश भट अमरावतीचे; त्यांची गझल प्रमाण मराठीत आहे, आणि मराठीच्या अभिमानाचं जे गीत आज शाळाशाळांत म्हटलं जातं तेही त्यांचंच. गो. नी. दांडेकर परतवाड्याला जन्मले. पण बोलीचं खरं माप पाहायचं तर उद्धव शेळक्यांची ‘धग’ उघडावी. 1960 ची कादंबरी. कौतिक नावाची शिंपी घरातली बाई, नवऱ्याची हिंमत कमी, पोरांची पोटं मोठी, आणि तिची सगळी झुंज तिच्याच वऱ्हाडीत. ती वाचताना भाषेला कुणी हसत नाही. हसायला जागाच नाही. भाषा विनोदी वाटते की नाही हे भाषेच्या अंगी नसतं, तिच्यातून कोण काय बोलतंय यावर असतं, हे ‘धग’नं मराठी वाचकाला दाखवून दिलं, वाचकानं ते कितपत घेतलं हा वेगळा प्रश्न.

पुढे मंचावर आणि पडद्यावर वऱ्हाडी गाजली ती हसवण्यासाठीच. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांची ‘मिर्झा एक्स्प्रेस’ गावोगाव धावली. त्यांचा विनोद आतला होता, वऱ्हाडी माणूस स्वतःवर आणि सरकारवर हसत होता. भारत गणेशपुरेंमुळे दूरचित्रवाणीवर वऱ्हाडी घराघरांत पोहोचली, आणि वऱ्हाडी पोरांना पहिल्यांदाच आपली भाषा टीव्हीवर ऐकून मोकळं वाटलं, हेही खरं. तक्रार एवढीच की त्याच पडद्यावर डॉक्टर, वकील, प्रेमात पडलेला नायक वऱ्हाडी बोलताना दिसत नाहीत. प्रेम करायचं झालं की ते ‘मी तुझ्यावर’ने सुरू होतं. आमच्याकडे काय लोक लग्नं करत नाहीत?

इथवर मी बोलीबद्दल बोललो. या संग्रहात बोलीच्या जोडीला दुसरी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पोरांची टपोरी भाषा. दोन्ही एक नव्हेत. ‘वावर’, ‘पऱ्हाटी’, ‘काऊन’, ‘पोट्टा’ हे आजोबांपासून चालत आलेलं. ‘लोड नको घेऊ’, ‘विषय हार्ड’, ‘काय सीन आहे’ हे परवाचं. ‘नाद खुळा’ कोल्हापूरकडून मोबाइलवर बसून आलं आणि अमरावतीच्या राजकमल चौकात उतरलं. यातलं बरंच दोन-चार वर्षांत विरून जाईल, आणि संग्रह करणाऱ्यांना ते ठाऊक आहे. म्हातारी माणसं चिडतात ती बहुधा या दुसऱ्या प्रकारावर, पण रागाच्या भरात पहिल्यालाही झोडपतात.

टपोरी भाषेलाही नियम असतात, आणि ते कडक असतात. ‘बे’चंच घ्या. वर्गमित्राला ‘का बे’ म्हणणं म्हणजे खांद्यावर हात. तोच ‘बे’ अनोळखी माणसाला लावला तर भांडणाला आमंत्रण. काकाला, मामाला, सासऱ्याला तो चालतच नाही. तिथे ‘काहो’ येतं, वाक्याच्या शेवटी ‘जी’ येतं: ‘हाव जी’, ‘नाई जी’. सगळ्यांना मिळून हाक मारायची तर ‘राजेहो’. चहाच्या टपरीवर चार पोरं गप्पा मारत असतात, ‘अबे, तो पोट्टा येऊनच नाही राहिला’, तेवढ्यात त्यातल्या एकाचे वडील स्कूटरवरून थांबतात. वाक्य मध्येच कापलं जातं, आणि पुढचं येतं ते ‘हाव बाबा, निंगतोच आता’. एका श्वासात पूर्ण पोशाख बदलला. ज्याला भाषा येत नाही त्याला हे जमेल?

मग इंग्रजी. इंग्रजीच्या बाबतीत पालकांची चिंता जास्त खरी आहे, कारण तिथे नोकरी अडते. पण तिथेही तीन गोष्टींची खिचडी होते. अकोल्यातला पोरगा इंग्रजीच्या तासाला म्हणतो, ‘सर, आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग.’ त्याच्या कानात ‘मले समजून नाही राहिलं’ वाजत असतं, आणि त्याच चाकोरीतून इंग्रजी वाक्य बाहेर पडतं. ज्यांची ती भाषा आहे ते या क्रियापदाला सहसा असं चालवत नाहीत. ही चूक, आणि ती सांगायला हवी. वर्गात वऱ्हाडीचा आधार घेऊनच ती सांगितली तर एका मिनिटात समजेल, पण वऱ्हाडीला वर्गात यायला बंदी. दुसरी गोष्ट ‘प्रीपोन’. लंडनच्या माणसाला तो शब्द खटकायचा, पण सारा हिंदुस्थान कित्येक वर्षं बैठका प्रीपोन करतो आहे, आणि ऑक्सफर्डच्या कोशानं तो शब्द घेतलाही. ही चूक नाही, हा पत्ता आहे. बोलणारा कुठला ते कळतं इतकंच. तिसरी गोष्ट ‘ब्रो’, ‘लिटरली’, ‘व्हाइब’. यानं डोकं उठतं. माझंही उठतं. दर तिसऱ्या वाक्यात ‘लिटरली’ म्हणणाऱ्याला मी मनातल्या मनात बाकावर उभा करतो. पण ते चुकीचं इंग्रजी आहे असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. ज्यांची ती मातृभाषा आहे तीच पोरं ते जास्त म्हणतात.

खुद्द इंग्रजांचाही हा रडीचा डाव जुना. जोनाथन स्विफ्टनं 1710 मध्ये ‘टॅटलर’मध्ये कुरकुर केली होती की लोक लॅटिन ‘मोबिले’चं तोडून ‘मॉब’ करतात, ‘बँटर’सारखे शब्द काढतात, भाषा बुडाली. आज ‘मॉब’ मराठी वर्तमानपत्राच्या मथळ्यातही येतो आणि स्विफ्टचे भाऊबंद तो डोळे मिटून वाचतात. 1961 मध्ये अमेरिकेत वेब्स्टरचा तिसरा मोठा कोश निघाला, त्यानं ‘एन्ट’ या शब्दाला पुरेसं झापलं नाही म्हणून तिथल्या संपादकांनी आकाशपाताळ एक केलं. आणि मला सर्वांत बोलका वाटतो तो ‘र’चा किस्सा. शब्दाच्या शेवटचा र गाळणं लंडनच्या साहेबी इंग्रजीत सभ्यपणाचं लक्षण. न्यूयॉर्कमध्ये तेच खालच्या थराचं लक्षण. विल्यम लबॉव्ह या अभ्यासकानं तिथल्या तीन दुकानांत, एक श्रीमंती, एक मध्यम, एक स्वस्त, विक्रेत्यांना वस्तू कुठे मिळेल असं विचारून त्यांच्याकडून ‘फोर्थ फ्लोअर’ असं म्हणवून घेतलं आणि र मोजले. दुकान जितकं महाग तितके र जास्त. तोच आवाज, तीच जीभ. एका शहरात तो गाळल्यानं माणूस वर चढतो, दुसऱ्यात खाली येतो. आमच्या ‘डोया’चंही असंच आहे. वऱ्हाडात राजधानी असती, छापखाने असते, आकाशवाणीचं मुख्य केंद्र असतं, तर ‘डोळा’ म्हणणाऱ्याला लोकांनी विचारलं असतं, ‘तुम्ही सदाशिव पेठेतले का हो?’

चीड मात्र खोटी नसते. कुणाला ‘मी आली’ खटकतं, आणि त्याचं खटकणं खरंच असतं. (‘ती आली, मी आली’ यात मला तरी काही वावगं दिसत नाही. ‘ती आली’ पण ‘मी आले’ हेच परक्याला समजावून सांगताना घाम फुटतो.) चिडावं, चेष्टा करावी, आपल्या घरात अमुक शब्द नको असंही सांगावं. फक्त व्याकरणाला साक्षीला उभं करू नये. तसंच उलट बाजूनं, ‘आमची बोली आहे’ एवढ्यावर सगळंच खपवू नये. या संग्रहासाठी गोळा झालेल्या शब्दांत बाईच्या देहावरून, एखाद्याच्या जातीवरून, कुणाच्या अपंगत्वावरून बेतलेले शब्दही होते. व्याकरणानं ते निर्दोष आहेत. विभक्ती बरोबर, लिंग बरोबर, उच्चार अस्सल. तरी संग्रहकर्त्यांनी त्यातले बहुतेक गाळले, आणि जे ठेवले त्यांच्यापुढे ते कुणाला लागतात हे लिहिलं. मला हा निर्णय पटला. ‘भैताड’ मात्र ठेवलाय. तो काढला असता तर अर्ध्या अमरावतीनं संग्रह परत केला असता.

वाचकांसाठी आता दोन कामाच्या गोष्टी. शब्द जसा ऐकला तसा लिहिला आहे, त्यामुळे काही ठिकाणी एकाच शब्दाची दोन-तीन रूपं शेजारी दिसतील: ‘करून राहिला’, ‘करू राह्यला’; ‘अथी’, ‘अठी’. ही मुद्रणातली गफलत समजू नये. त्यातलं कुठलं खरं हे संग्रहकर्त्यांनी ठरवलेलं नाही, आणि मलाही ठरवता येणार नाही. गावाचं नाव जिथे पक्कं कळलं तिथे दिलंय. वरूड-मोर्शीकडच्या नोंदी अकोल्याच्या मानानं फार थोड्या आहेत, मेळघाटच्या पायथ्याच्या गावांतल्या तर नाहीतच. तिथे कोरकू आणि वऱ्हाडी एकमेकींत कशा मिसळतात हा स्वतंत्र कामाचा विषय आहे. प्रत्येक पानाला रुंद समास सोडलाय तो त्यासाठीच. आपल्या गावात वेगळं म्हणत असतील तर तिथे लिहून ठेवा, आणि पान फाडून पाठवलं तरी चालते.